'ट्रस्टी' या शब्दाचं वर्ध्यातलं आयुष्य

माझ्या वर्धेकर बंधुभगिनींनो, आणि जागा नाही म्हणून दारापाशी उभ्या राहिलेल्या तरुण मित्रांनो,

आज ११ फेब्रुवारी. १९४२ साली याच तारखेला, याच गावात जमनालाल बजाज गेले. वय अवघं बावन्न. त्यांच्या पुण्यतिथीला मी काहीतरी बोलावं असं आपण सांगितलंत. त्यांचं चरित्र इथल्या ज्येष्ठांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे, म्हणून मी चरित्र सांगणार नाही. मी एका शब्दाबद्दल बोलणार आहे. शब्द इंग्रजी आहे, पण आष्टीपासून हिंगणघाटापर्यंत कुठल्याही पारावर तो समजतो. तो शब्द म्हणजे 'ट्रस्टी'.

मी वकील आहे. माझं बरंचसं आयुष्य धर्मादाय कार्यालयात गेलं. देवस्थानं, शाळा, वाचनालयं, व्यायामशाळा, दवाखाने, सगळ्यांचे कागद तिथे येतात. त्यामुळे हा शब्द लोक कसा वापरतात ते मी रोज ऐकत आलो. एखाद्या कॉलेजसमोर रिक्षा थांबवा आणि विचारा, हे कॉलेज कोणाचं? रिक्षावाला लगेच एक आडनाव सांगेल. "त्यायचं हाय न भाऊ, ते ट्रस्टी हायेत." बघा, किती सहज बोलून गेला! कॉलेज कोणाचं, तर ट्रस्टींचं. आता तोच प्रश्न कायद्याच्या पुस्तकाला विचारा. पुस्तक सांगतं, ट्रस्टी तो, ज्याचं ते नाही. मालमत्ता त्याच्या नावावर आहे, सही त्याची चालते, किल्ल्या त्याच्या कमरेला आहेत, पण फळ दुसऱ्याचं आहे.

दोन्ही अर्थ एकमेकांच्या अगदी उलट! एकाच शब्दाचं असं कसं झालं? आणि वर्ध्यात कसं झालं, जिथे या शब्दाचा अर्थ एका माणसाने जगून दाखवला होता? आजचा माझा विषय एवढाच आहे.

आधी शब्दाचं मूळ घर पाहू. इंग्लंडमध्ये ही गोष्ट अशी सांगतात की मध्ययुगात धर्मयुद्धावर निघालेला सरदार आपली जमीन विश्वासू मित्राच्या नावावर करून जाई. मी परत येईपर्यंत माझ्या बायकामुलांसाठी सांभाळ, असं सांगून. कधी तो परत येई, कधी येत नसे. आणि कधी असं होई की मित्र म्हणे, जमीन माझ्या नावावर आहे, तुम्ही कोण? राजाच्या साध्या न्यायालयात मित्राचीच बाजू खरी ठरे, कारण कागद त्याचा. मग फिर्याद जाई राजाच्या चॅन्सेलरकडे. तिथे कागदाबरोबर माणसाची सदसद्विवेकबुद्धीही तपासली जाई. चॅन्सेलर म्हणे, कागद तुझा असेल, पण जमीन तू ज्यांच्यासाठी घेतलीस त्यांनाच तिचं फळ मिळालं पाहिजे. या निवाड्यांतून हळूहळू 'ट्रस्ट' उभा राहिला. म्हणजे हा शब्द जन्माला आला तोच एका भीतीतून. सांभाळणारा उद्या मालक होऊन बसेल, ही ती भीती. हे जरा ध्यानात ठेवा.

आपल्याकडे ही कल्पना परकी होती का? मुळीच नाही. ठेव, अमानत, थाती हे शब्द आपल्या आजीच्या तोंडी होते. आमच्याकडच्या कापसाच्या अडतीत शेतकऱ्याच्या पट्टीतून 'धर्मादा' कापला जाई. पाणपोई, गोरक्षण, देऊळ यांच्यासाठी. तो पैसा अडत्याच्या गल्ल्यातच राही, पण तो अडत्याचा नसे. पुढे १९५० साली मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम झाला. आता त्याला महाराष्ट्राचं नाव आहे. त्यात धर्माद्यासाठी वेगळं कलमच घातलं गेलं. ज्याने धर्मादा म्हणून रक्कम घेतली, तो त्या रकमेचा ट्रस्टी झाला, त्याने हिशेब द्यावा. मला हे कलम फार आवडतं. त्यात समारंभ नाही, पाटी नाही, घटना नाही, नोंदणीही आधी नाही. दुसऱ्याच्या नावाने पैसा हातात घेतलास, त्या क्षणी तू ट्रस्टी झालास.

आता कायदा ट्रस्टीकडून काय मागतो? १८८२ चा भारतीय ट्रस्ट कायदा हा खाजगी ट्रस्टांचा आहे, पण त्यातली तत्त्वं सगळ्यांना लागू पडावीत अशी आहेत. त्यातल्या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहा. पहिली, साधारण शहाणा माणूस स्वतःची मालमत्ता जितक्या काळजीने सांभाळतो, तितक्याच काळजीने ट्रस्टीने ट्रस्टची मालमत्ता सांभाळावी. दुसरी, त्या मालमत्तेतून त्याने स्वतःचा फायदा करून घेऊ नये. म्हणजे आपली म्हणून जपायची, पण आपली म्हणून वापरायची नाही. पहिली गोष्ट सोपी आहे, दुसरीही सोपी आहे. दोन्ही एकाच वेळी, एकाच माणसाकडून, वर्षानुवर्षं हे फार अवघड आहे. ज्या माणसाने शाळेसाठी गावोगाव फिरून वर्गणी मागितली, विटा स्वतः मोजून घेतल्या, त्याला ती शाळा आपली वाटणारच. त्याच्या मनातला जिव्हाळा खरा असतो. माझ्यासमोर आलेली कितीतरी भांडणं लबाडीतून सुरू झालेली नव्हती, जिव्हाळ्यातून सुरू झालेली होती. "मी उभं केलं, मग माझ्या मुलाच्या हाती का देऊ नये?" हा प्रश्न विचारताना माणसाचे डोळे भरून आलेले मी पाहिले आहेत. म्हणून मी या प्रश्नाकडे तुच्छतेने पाहत नाही. पण उत्तर मात्र एकच आहे. उभं केलंस म्हणून तू वंदनीय आहेस, पण उभं केलंस म्हणून ते तुझं नाही.

आता वर्ध्याकडे येऊ. खरं तर आधी लंडनला आणि मग जोहान्सबर्गला जावं लागेल. १८८८ ते १८९१ या काळात मोहनदास गांधी नावाचा एक तरुण लंडनमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यास करत होता. अभ्यासात स्नेल नावाच्या लेखकाचं इक्विटीवरचं पुस्तक होतं. चॅन्सेलरच्या त्या न्यायाचंच पुस्तक. पुढे दक्षिण आफ्रिकेत गीता वाचताना 'अपरिग्रह' या शब्दाशी तो अडला. सगळं सोडायचं म्हणजे काय? बायको, मुलं, पुस्तकांची कपाटं, हे सगळं परिग्रहच ना? आत्मकथेत गांधीजींनी सांगितलं आहे की तेव्हा त्यांना स्नेलचं पुस्तक आठवलं. ट्रस्टीच्या ताब्यात कोट्यवधी असले तरी त्यातली पैसुद्धा तो आपली मानत नाही. मुमुक्षूने असंच वागावं, हा गीतेचा अर्थ त्यांना कायद्याच्या पुस्तकामुळे उलगडला. आणि उलगडल्यावर पहिलं काम काय केलं? मुंबईत काढलेली दहा हजारांची विम्याची पॉलिसी बंद करायला सांगितली. थोरल्या भावाला कळवलं की यापुढची शिल्लक लोकांच्या कामाला लागेल. भाऊ रागावले. साहजिकच होतं. घरातला एक माणूस ट्रस्टी झाला की पहिला चटका घरालाच बसतो.

मला यात मोठी गोष्ट ही वाटते की एका कोरड्या कायदेशीर शब्दाने एका माणसाला गीतेचं दार उघडून दिलं. आपण उलट्या दिशेने गेलो. आपण धार्मिक कामासाठी ट्रस्ट काढले आणि त्यांतून कोर्टकचेऱ्या निर्माण केल्या.

आता जमनालालजी. बच्छराजजींच्या घरात नातू म्हणून दत्तक आलेला हा मुलगा सतराव्या वर्षी आजोबांच्या रागाच्या बोलण्याने दुखावला आणि पत्र लिहून घराबाहेर पडला. पत्रातला मजकूर थोडक्यात असा होता की तुमच्या संपत्तीवर माझा हक्क नाही, मला त्यातलं काही नको. आजोबांनी समजूत घालून परत आणलं. पुढे सगळा वारसा त्याच्याकडेच आला. तो आला तेव्हा हा तरुण मनाने तो आधीच सोडून मोकळा झालेला होता! सोडलेली वस्तू पुन्हा हातात आली, तर माणूस ती वेगळ्या तऱ्हेने धरतो. गांधीजी भेटण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. म्हणून जमनालालजींना गांधीजींनी घडवलं हे अर्धंच खरं आहे. गांधीजींना जो नमुना हवा होता तो वर्ध्यात आपोआप तयार होत होता.

पुढचं आपण जाणताच. १९२० च्या नागपूर काँग्रेसनंतर ते काँग्रेसचे खजिनदार झाले, रायबहादुरी परत केली. पण मला इथे १९२८ चं लक्ष्मीनारायण मंदिर आठवतं. मंदिर बजाज घराण्याचं. त्या वर्षीच्या जुलैत त्याचे दरवाजे दलितांना खुले झाले. जमनालालजींनी त्यासाठी नुसती मालकी वापरली नाही, विरोध सहन करत, माणसांना पटवत ते झालं. आपण याकडे अस्पृश्यतानिवारण म्हणून पाहतो आणि ते योग्यच आहे. पण आज माझ्या विषयाच्या अंगाने पाहा. देवळाचा ट्रस्टी कोणासाठी देऊळ सांभाळतो? भक्तांसाठी. मग भक्त कोण हे ठरवण्याचा अधिकार सांभाळणाऱ्याला कोणी दिला? १९२८ च्या त्या निर्णयाने या प्रश्नाचं उत्तर दिलं. ज्यांच्यासाठी सांभाळायचं, त्या माणसांची रेघ आखून लहान करण्याचा अधिकार ट्रस्टीला नाही. मंदिरप्रवेशाचे कायदे व्हायला आणि घटनेचं १७ वं कलम यायला तेव्हा बराच अवकाश होता.

सेगावही तसंच. गावाची बहुतेक मालगुजारी जमनालालजींची. ३० एप्रिल १९३६ ला गांधीजी तिथे राहायला गेले, १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं. एका मालगुजाराच्या गावात देशाच्या राजकारणाचं केंद्र आलं आणि मालगुजार स्वतः अखेरच्या दिवसांत गोपुरीच्या झोपडीत राहून गाईंची सेवा करत होता. ते गेल्यावर गांधीजींनी 'हरिजन'मध्ये लिहिलं त्याचा आशय असा, की धनिकांनी विश्वस्त व्हावं असं मी जेव्हा जेव्हा लिहिलं, तेव्हा माझ्या नजरेसमोर मुख्यतः हाच व्यापारी होता. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यांनी जमनालालजींच्या मित्रांना वर्ध्यात बोलावून घेतलं. कशासाठी? त्यांची कामं कोण कोण उचलणार हे ठरवण्यासाठी. आपल्याकडे माणूस गेला की सातबारावर वारस चढवायची घाई होते. इथे वारस शोधले गेले ते कामाचे.

आता मी थोडा कडू भाग बोलतो, कारण नुसतं गुणगान केलं तर या शब्दाला न्याय मिळणार नाही.

हा शब्द चांगल्या माणसांनी वापरला, तसा सत्तेनेही वापरला. हिंदुस्थानचं राज्य आमच्याकडे विश्वस्त म्हणून आहे, असं इंग्रज राज्यकर्ते म्हणत आले. १७८३ मध्ये एडमंड बर्कने त्यांच्याच पार्लमेंटात बजावलं होतं की सत्ता विश्वासाने दिलेली असेल तर तिचा जाबही द्यावा लागतो. जाब कितीसा दिला गेला हे आपण जाणतो. १९४५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने एक ट्रस्टीशिप कौन्सिलच काढलं, अकरा प्रदेश त्याच्या देखरेखीखाली होते. शेवटचा पलाऊ १९९४ मध्ये स्वतंत्र झाला आणि कौन्सिलचं काम थांबलं. मला यातली एक गोष्ट मनापासून पटते. ट्रस्टीचं काम संपणं हेही ट्रस्टीच्या यशात मोजायला हवं. तुमच्या-माझ्या संस्थांमध्ये कोण असं मोजतं?

गांधीजींच्या कल्पनेवर त्या काळातच कडक टीका झाली. समाजवादी विचारत होते, श्रीमंताने ट्रस्टी व्हायचं नाकारलं तर काय? त्याच्या हृदयपरिवर्तनाची वाट पाहत मजुराने किती वर्षं उपाशी राहायचं? जयप्रकाश नारायण १९३६ मध्ये असंच विचारत होते, पुढे तेच सर्वोदयात आले हा भाग वेगळा. प्रश्न खोटा नव्हता. गांधीजींनीही तो टाळला नाही. १९४१ च्या 'रचनात्मक कार्यक्रम' या पुस्तिकेत त्यांनी स्पष्ट बजावलं आहे की संपत्ती आणि तिच्यातून येणारी सत्ता आपणहून सोडली गेली नाही, तर रक्तपाती क्रांती अटळ आहे. पुढे दांतवाला, किशोरलाल मशरूवाला, नरहरी परीख यांच्या हातून ट्रस्टीशिपचा एक मसुदा तयार झाला, गांधीजींनी तो दुरुस्त केला. हे मशरूवाला आपल्या वर्ध्याचेच. तो मसुदा आज फारसा कोणी वाचत नाही, याचं मला वाईट वाटतं. त्यात भाबडेपणा नाही. समाज आपल्या हितासाठी जेवढी परवानगी देईल तेवढ्यापुरतीच खाजगी मालकी मान्य आहे. गरज पडली तर मालकीवर कायद्याचं नियंत्रण येईल. किमान वेतन ठरावं तशी कमाल उत्पन्नाचीही मर्यादा ठरावी, आणि दोन्हींतलं अंतर कमी होत जावं. काय पिकवायचं, काय बनवायचं हे हव्यासाने न ठरता समाजाच्या गरजेने ठरावं. श्रीमंतांना खूश करणारं तत्त्वज्ञान म्हणून ज्याची हेटाळणी झाली, त्याचा मजकूर हा आहे! जे श्रीमंत ट्रस्टीशिपवर भाषणं देतात त्यांना हा मसुदा दाखवावा.

विनोबा तर आणखी पुढे गेले. पवनारच्या या माणसाने १९५१ मध्ये भूदान सुरू केलं, त्यातून ग्रामदान निघालं आणि ग्रामदानात मालकीच गावाकडे सोपवायची होती. म्हणजे विश्वस्ताच्या हातून मालकीचा कागदही काढून घ्यायचा. ते जिथे रुजलं आणि जिथे रुजलं नाही, त्याचा हिशेब वेगळ्या व्याख्यानाचा आहे.

मला आज ज्या गोष्टीवर थांबायचं आहे ती वेगळी आहे. ट्रस्टी या शब्दाला एक जोडीदार शब्द आहे. त्याच्याशिवाय तो उभाच राहत नाही. तो शब्द आहे लाभार्थी.

आज 'लाभार्थी' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? रांग. हातात आधारकार्ड, झेरॉक्स, मंचावरून धनादेश देणारा पाहुणा आणि खाली मान घालून तो घेणारी बाई. लाभार्थी म्हणजे ज्याच्यावर उपकार झाला तो. पण ट्रस्टच्या कायद्यात लाभार्थी हा याचक नाहीच! खरा धनी तोच. चॅन्सेलरने ज्यांच्यासाठी न्याय शोधला ती सरदाराची बायकामुलं म्हणजे लाभार्थी. ती हात पसरायला आली नव्हती, जाब विचारायला आली होती. ट्रस्टीला कोर्टात खेचण्याचा अधिकार लाभार्थ्याला आहे म्हणूनच तर ट्रस्टी हा ट्रस्टी राहतो. तो अधिकार काढून घ्या, आणि उरतो तो नुसता मालक. चांगल्या मनाचा असला, तरी मालकच.

गांधीजींच्या विचाराची माझ्या मते हीच बाजू लंगडी राहिली. त्यांनी ट्रस्टी घडवण्यावर आयुष्य घातलं, अन्यायी ट्रस्टीविरुद्ध असहकाराचं शस्त्रही दिलं, पण लाभार्थ्याने रोजच्या रोज, शांतपणे, भांडण न करता हिशेब कसा मागायचा, याची सवय मात्र समाजात तयार झाली नाही. जमनालालजींसारखा माणूस असला की या सवयीची गरज भासत नाही. पण पिढीमागून पिढी जमनालालजी जन्माला येत नाहीत. संस्था मात्र पिढ्यान्पिढ्या चालतात.

एक उदाहरण देतो. धर्मादाय म्हणून नोंदलेल्या मोठ्या रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. बिलांच्या दोन टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकावी लागते. २००६ पासून उच्च न्यायालयाच्या आदेशाने ही योजना चालू आहे. मी या गावातल्या सुशिक्षित लोकांना विचारलं, किती जणांना ठाऊक आहे? आणि ज्यांना ठाऊक आहे, ते काय म्हणतात? "साहेब, जरा ओळख आहे का ट्रस्टींशी?" ओळख कशाला हवी? ती खाट त्या रुग्णाचीच आहे! हक्काची वस्तू आपण ओळखीने मागतो, तेव्हा आपल्याच हातांनी ट्रस्टीला मालक करतो. रिक्षावाल्याने आडनाव सांगितलं, यात त्याचा काय दोष? आपणच ते त्याला शिकवलं.

म्हणून, मित्रहो, दारापाशी उभ्या असलेल्या तरुणांनो, तुमच्यासाठी शेवटचं सांगतो. तुमच्या गावातलं देऊळ, तुमची शाळा, तुमचं वाचनालय नोंदलेलं असेल तर त्याचा एक उतारा असतो. आमच्या भाषेत शेड्यूल वन. ट्रस्टी कोण, मालमत्ता कोणती, उद्देश कोणते, हे त्यावर लिहिलेलं असतं. ट्रस्टी बदलला तर नव्वद दिवसांत कळवावं लागतं, त्याला चेंज रिपोर्ट म्हणतात. स्थावर मालमत्ता विकायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. आणि 'हितसंबंध असलेली व्यक्ती' या शब्दांची कायद्याने व्याख्या केली आहे. देवळात दर्शनाला जाणारा साधा भक्तसुद्धा तिच्यात बसतो. संस्थेचा सभासद बसतो. उताऱ्याची नक्कल मागायला वकील लागत नाही, साधा अर्ज आणि थोडी फी लागते. भांडायला जाऊ नका, कोणावर संशय घेऊन जाऊ नका. आपली वस्तू कशी आहे हे पाहायला माणूस जातो, तसे जा. जो ट्रस्टी खरा असेल तो तुम्हाला खुर्ची देईल, वही पुढे ठेवेल आणि विचारेल की इतकी वर्षं का नाही आलात.

३१ मार्चला संस्थांची वर्षं संपतात. मग लेखापरीक्षण होतं, अहवाल धर्मादाय कार्यालयात जातात. ३१ मार्चला अजून सहा-सात आठवडे आहेत. अर्जाचा नमुना मी बरोबर आणला आहे, बाहेर टेबलावर ठेवला आहे. जाताना घेऊन जा.